डब्यातल्या चार चिठ्ठ्या

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, चर्चच्या पाळकांपाशी नाही, आणि खरं सांगायचं तर देवापाशीही धड नाही. त्याच्यासमोर बसले की मी आधी पोरांच्या तब्येतीकडे वळते, मग नातवाच्या दातांकडे, आणि मग आमेन. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आज संध्याकाळी सात वाजल्यानंतर ते तसंही लपून राहणार नाही. आत्ता साडेचार झालेत.

मी भित्री बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. अमरावतीत तीस वर्षं शाळेत शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. चर्चच्या कमिटीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात, तेव्हा उभी राहून बोलते ती मीच. मग ही एवढी एक गोष्ट बावीस वर्षं पोटात घालून का बसले? सांगते. पण आधी आमचं घर कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, चिठ्ठ्यांचं काय एवढं घेऊन बसली ही बाई.

आम्ही ख्रिस्ती. घरात रोज संध्याकाळी सात वाजता प्रार्थना, हा सासूबाईंनी घालून दिलेला नियम. सासूबाई आता नाहीत, नियम आहे. त्यांची प्रार्थना म्हणजे देवाशी थोडी आणि आमच्याशी फार. डोळे मिटून, हात जोडून, अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "प्रभू, आमच्या सुनेले वरणात मीठ किती टाकाव याची बुद्धी दे." आता प्रार्थनेत उलटून कसं बोलणार? पण माझी पाळी आली की मी तरी कुठे सोडायची? "प्रभू, ज्यांच्या जिभेची चव गेली आहे त्यांना सांभाळ." सरोजताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायची. तिचे खांदे हलताना दिसले की मलाही आवरायचं नाही. आणि आमचे हे तोवर झोपलेले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की दचकून "आमेन" म्हणायचे, प्रार्थना कुठेही पोचलेली असो. एकदा सासूबाई शेजारणीच्या पापांवर नुकत्या कुठे आल्या होत्या, तेवढ्यात यांनी आमेन केलं. आठवडाभर त्या लेकाशी बोलल्या नाहीत.

हसायचो म्हणून आमची श्रद्धा उथळ होती असं समजू नका. देव आमच्या घरात रोजचा होता, चहाला येणाऱ्या माणसासारखा. त्याच्यासमोर हसायला कसली लाज? मला आजही तसंच वाटतं. म्हणून तर मी जे केलं ते जास्त वाईट आहे, हे मला पक्कं कळतं.

तर चिठ्ठ्या. नवीन वर्षाच्या सकाळी उपासना करून घरी आलो की जेवणाआधी प्रत्येकाने वचनाची चिठ्ठी काढायची. आमच्या पुष्कळ घरांत ही रीत आहे. पवित्र शास्त्रातली वचनं छोट्या कार्डांवर लिहून डब्यात ठेवायची, डोळे मिटून मनात प्रार्थना करायची आणि एक उचलायचं. जे निघेल ते वर्षभरासाठी देवाने तुम्हाला सांगितलेलं. आमच्याकडे त्यासाठी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. घरात माणसं सहा, पण चिठ्ठ्या नऊ. देवाला निवडायला जागा पाहिजे, असं सासूबाईंचं म्हणणं. लिहायचं काम माझं, कारण अक्षर माझं चांगलं. एका वर्षी आमच्या आळशी धाकट्या पोराला मुंगीपासून शिकण्याचं वचन निघालं. तो दुसरी चिठ्ठी मागायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "देवापाशी अदलाबदल होत नसते रे बाबू."

हे वाक्य मला पाठ आहे. का, ते आता येईलच.

ताई दवाखान्यात नर्स होती. वडील लवकर गेले, मग भावाचं शिक्षण, मग आणखी काही काही, आणि तिचं लग्न राहूनच गेलं. एक्केचाळीसची झाली. तेव्हा तिच्या वॉर्डात मोर्शीचे एक मास्तर आपल्या काकांना घेऊन आले. विधुर होते, मूलबाळ नव्हतं, थोडी संत्र्याची बाग होती. काका बरे होऊन घरी गेले, पण मास्तर दर शनिवारी येत राहिले. आणि संत्री येऊ लागली. पिशवीने नव्हे, पोत्याने. त्या हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी संत्री, दुपारी संत्री, पोरांच्या दप्तरात संत्री, गल्लीत वाटून उरलेली पुन्हा संत्री. सासूबाई रोज सातच्या प्रार्थनेत म्हणायच्या, "प्रभू, मोर्शीवाल्याच्या मनात काय आहे ते तुले ठाऊक आहे. आमाले बी कळू दे." ताई लाजून लाल व्हायची. इतक्या वर्षांत मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. ती घरात गुणगुणत फिरायची, भजन असायचं पण चाल भलतीच लागायची.

मग मास्तरांनी सरळ विचारलं. लग्न करून मोर्शीला येशील का?

आणि त्याच सुमारास सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. त्यांचं सगळं ताई करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन. दवाखान्याची ड्यूटी करून घरी यायची आणि पुन्हा तेच करायची, तेही हसत. मी शाळेत जायची. मला सुपरवायझर करणार असं चाललं होतं. ताई मोर्शीला गेली तर हे सगळं कोण करणार, हा प्रश्न घरात कोणी उच्चारत नव्हतं. पण मला त्याचं उत्तर माहीत होतं. मीच करणार.

सासूबाई तर पडल्या पडल्या तिला म्हणाल्या होत्या, "जाय पोरी, मी काही उद्या मरून नाही राहिली." ताईचाच पाय निघत नव्हता. शेवटी नाताळात ती म्हणाली, "नव्या वर्षाचं वचन येईल तसं करीन. देव जा म्हणे तर जाईन, रहा म्हणे तर राहीन."

थांबा, जरा पाणी पिऊन येते.

नाताळच्या सुट्टीत मी दोन दिवस शास्त्र चाळत बसले होते. सगळे म्हणाले, बाई वाचनात रमली. मी शोधत होते. आणि सापडलं. दुष्काळात इसहाक निघायच्या बेतात असतो, तेव्हा देव त्याला सांगतो की जाऊ नकोस, याच देशात रहा, मी तुझ्याबरोबर आहे. ते वचन मी कार्डावर लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. मग दुसऱ्या कार्डावर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर तेच. ती चार मी बाजूला लपवली आणि डब्यासाठी नेहमीसारखी नऊ वेगळी लिहिली.

एक तारखेला ताईची दुपारपर्यंत ड्यूटी आहे, हे मला ठाऊक होतं. सकाळी आम्ही पाच जणांनी आपापली चिठ्ठी काढली. डब्यात चार उरल्या. सासूबाई म्हणाल्या, "सरोजसाठी डबा तसाच ठेवजो." मी ठेवला. म्हणजे स्वयंपाकघरात नेला, त्यातल्या चार काढून घेतल्या आणि माझ्या चार टाकल्या. याला किती वेळ लागला असेल? फोडणीत मोहरी तडतडायला लागतो तेवढा.

ताई आली. हातपाय धुऊन आईच्या खाटेवर बसली. मी तिच्यापुढे डबा धरला. "चार आहेत ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, चार आहेत. ते खोटं नव्हतं, बघा. तिने डोळे मिटले. किती वेळ मिटले होते काय सांगू. ओठ हलत होते. मग तिने डब्यात बोटं फिरवली, अगदी तळापर्यंत, नीट निवडून एक काढली आणि वाचली.

मग हसली आणि म्हणाली, "घ्या. देव बी आईच्याच बाजूचा निघाला."

मी चहा ठेवायला गेले. त्याच गॅसवर उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या जाळल्या, माझ्या तीन आणि खऱ्या चार. खऱ्या चारांत काय होतं ते मला आजही आठवतं. एकीतही रहा नव्हतं आणि एकीतही जा नव्हतं. म्हणजे तिला स्वतःच ठरवावं लागलं असतं, आणि मला वाटतं ती गेली असती. चहा देताना तिने सहज विचारलं, "सुनिता, बाकीच्या तिन्हींत काय होतं गं?" मी म्हटलं, आठवत नाही.

पुढचं थोडक्यात. तिने मास्तरांना नकार कळवला. फेब्रुवारीत एक पोतं आलं, ते शेवटचं. दीड-दोन वर्षांनी त्यांनी दुसरीकडे लग्न केलं. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. त्या नऊ वर्षांत मी किती वेळा बेडपॅन उचललं असेल? बोटांवर मोजण्याइतकं. मी सुपरवायझर झाले, मग मुख्याध्यापिका झाले. सत्काराच्या भाषणात म्हणाले की घरच्यांच्या साथीशिवाय हे झालं नसतं. सासूबाई शेवटपर्यंत रोज म्हणत राहिल्या, "प्रभू, माह्या पोरीले तू थांबवलंस, आता तिचं सुख बी तूच पाह्य." आणि मी शेजारी बसून आमेन म्हणत होते.

तुम्ही म्हणाल, सासूबाईंच्या काळजीपोटी केलं असेल. किंवा ताईवरच्या मायेपोटी. ताईवर माझा जीव आहे, ते खरंच आहे. पण त्या दिवशी डबा धरून उभी होते तेव्हा माझ्या मनात माया नव्हती. मला माझी नोकरी हवी होती, आणि ते बेडपॅन नको होतं. बस, एवढंच होतं. आणि त्यासाठी मी देवाच्या तोंडी माझा शब्द घातला.

हे असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण मागच्या महिन्यात अकोल्याला महिला मंडळांचा मेळावा होता आणि त्यात ताईची साक्ष ठेवली होती. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. त्रेसष्ट वर्षांची ताई माइक घेऊन उभी राहिली आणि पाच मिनिटांत तिने मांडव हसवून सोडला. पोतीच्या पोती संत्री सांगितली, सासूबाईंची प्रार्थना नक्कल करून दाखवली, कुकरचं आमेन सांगितलं. "मले संत्र्याच्या बागेत राणी व्हाचं होतं," ती म्हणाली, "अन् देवानं हातात बेडपॅन देल्लं." बाया डोळे पुसत हसत होत्या. मग तिने आपल्या शास्त्रातून ती चिठ्ठी काढली. लॅमिनेट करून ठेवली आहे तिने, रोजच्या वाचनात खूण म्हणून वापरते. ती उंच धरून म्हणाली, "चारातली ही एक त्यानं माह्या हातात देल्ली. बाकी तिन्हींत काय होतं, ते मी वर गेल्यावर त्यालेच विचारीन. अन् हे अक्षर पाहा कसं मोत्यावानी आहे. माह्या भावजयीचं. ऊठ सुनिता."

मी उठले. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले आणि हसले.

अकोल्याहून परत येताना गाडीत ती संत्री सोलून मला फोडी देत होती. मी खाल्ल्या. गोड होत्या.

महिनाभर मी विचार केला, असं म्हणणार नाही. ठरायला एक दिवसही लागला नव्हता, उरलेले दिवस मी धीर गोळा करत होते. आणि आज दुपारी जेवणं झाल्यावर मी तीन कार्डं कापली. तेच वचन तीनदा लिहिलं. वय झालं, पण अक्षर तसंच आहे. ताई दुपारची झोपली होती. तिच्या उशाशी शास्त्र होतं. आजच्या पानात जिथे ती खूण आहे, तिथेच मी तिन्ही चिठ्ठ्या ठेवल्या. एकीखाली एक अशा चार. ती नर्स होती, एका नजरेत वॉर्ड वाचायची. तिला समजावून सांगावं लागणार नाही. पण ती विचारील, आणि मी समोरच बसलेली असेन. या वेळी मला आठवतं.

हे लिहिताना मध्येच दिवेलागण झाली. कुकर लावला आहे. हे सतरंजी अंथरून त्यावर आत्तापासूनच पेंगायला लागले आहेत. ताई शास्त्र छातीशी धरून साऱ्या घरात चष्मा शोधून राहिली आहे. आज वाचायची पाळी तिची. चष्मा तिच्या डोक्यावरच आहे.

सातला पाच कमी आहेत. मी उठून तिला सांगते, ताई, डोक्यावर आहे.