लिव्हर आधी बोटभर

सातपुड्यात पूरमदतीसाठी आमचं हेलिकॉप्टर आलं, तेव्हा मी त्यावर फ्लाइट इंजिनिअर होतो. माझं गाव कोरीट, म्हणजे ड्यूटी घरच्याच आभाळात! गोष्टी फुगवून सांगतो, असा माझ्यावर गावात आरोप आहे. ही फुगवावी लागत नाही.

मुख्य पायलट होते मेजर गिरासे, विसरवाडीचे. हेडसेटवर इंग्रजी, जमिनीवर अहिराणी. को-पायलट कॅप्टन नायर. तिला दोन्ही ऐकून हसू यायचं.

यंत्राला दोन इंजिनं. उजव्याचा काटा मध्यंतरी उगाच नाचायचा. सेन्सर बदलला, चाचणी झाली, पास झालं. तरी त्याचं नाव पडलं ते पडलंच: म्हातारी.

"दादा, म्हतारी कशी शे?" मेजरांनी सकाळी विचारलं.

"गोड बोली ऱ्हायनी, साहेब. मन्हा भरोसा नई."

हसत उडालो. परतीला मागे एका पाड्यावरची गरोदर बाई होती, अवघडलेली, दोन्ही हात पोटावर.

डोंगरावरून जाताना यंत्रात ठक्क आवाज झाला. यंत्र थरथरलं. खाली सागाचे शेंडे. उजवा काटा उसळून लाल पट्टीत गेला.

"राइट इंजिन. शटडाउन. कन्फर्म?" मेजर म्हणाले.

"कन्फर्म," नायर.

"कन्फर्म," मी.

मेजरांची एक सवय होती. ज्युनिअर पायलट तिची टिंगल करत. इंजिन बंद करताना लिव्हर आधी बोटभरच मागे घ्यायची आणि यंत्र काय म्हणतं ते ऐकायचं.

लिव्हर बोटभर मागे आली आणि यंत्र आम्हाला घेऊन सरळ खाली जाऊ लागलं. बाईने माझी बाही पकडली.

"हाई जित्ती शे, दादा!" मेजर इंग्रजी विसरले. लिव्हर पुढे. "मरेल डावं शे!"

मेलेलं होतं ते डावं इंजिन; त्याचा काटा मुकाट शून्यावर पडला होता. तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं. म्हातारी एकटी सगळा भार ओढत होती, म्हणून तिचा काटा उसळला होता. आम्ही मात्र ती दगा देणार याचीच वाट पाहत बसलेलो.

खापर गावाजवळच्या माळावर उतरलो. बाईला जीपमधून दवाखान्यात पाठवलं.

"सर, म्हातारीची माफी मागा," नायर म्हणाली.

मेजरांनी इंजिनसमोर खरंच हात जोडले.

पुढे ते उत्तरेत गेले. तिथे बर्फात एक हेलिकॉप्टर पडलं, त्यात ते होते. मी नव्हतो. लोक विचारतात, काय झालं असेल? मला माहीत नाही. पण त्यांचा हात लिव्हरवर गेला असेल, तर आधी बोटभरच मागे आला असेल.