आता आ करायचा

दुर्गाघाटच्या आमच्या गल्लीतले शेजारी गुरुजी पूजा सांगताना यजमानाला प्रत्येक गोष्ट आधी सांगतात. "आता ताम्हनात पाणी सोडायचं. घाई नाही."

माझ्या पाच वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तेव्हा त्यांनी तिला पाटावर बसवून तसंच सांगितलं. "आता आ करायचा. आता आरसा आत जाईल. मग चूळ. घाई नाही." चमचा घेऊन सरावही झाला. दुखणार नाही, असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत.

दवाखान्यात ते सोबत आले. खुर्ची बघून मुलगी इथल्या हिंदीत म्हणाली, "पहले गुरुजी बैठेंगे."

ते बसले, पण पानाने रंगलेलं तोंड काही उघडेना. मुलीने त्यांचा अंगठा धरला.

"आता आ करायचा, गुरुजी. घाई नाही."