पेशीनंच आत घेतलं

दुसऱ्यांचे चेहरे उजळवण्यातच तिची हयात गेली. पार्लरवाली ताई म्हणूनच सगळे तिला ओळखत. कुणाच्या गालावर पुटकुळी दिसली की ताई लांबूनच सांगायची, ही उष्णतेची, ही स्वस्त क्रीमची. त्यामुळे स्वतःच्या गालावर एक उठली, तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही.

पुटकुळी फुटली, तिथं व्रण झाला. दुखेना, पण भरेनाही. मलमं झाली, लेप झाले. गिऱ्हाइकं आरशातून बघायची आणि नजर चोरायची. शेवटी थोरली जाऊ म्हणाली, "लोकांची तोंडं रंगवतेस, स्वतःचं काय सडायला ठेवलंयस?" आणि हाताला धरून तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी व्रणाची कड जराशी खरवडली, काचेवर पसरून रंगवली आणि खात्री झाल्यावर ताईलाच सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. मोठाल्या जांभळट पेशी, आणि एकेकीच्या पोटात खसखशीसारखे ठिपके. ते परजीवी होते. वाळूमाशी चावली, तेव्हा कातडीत शिरलेले.

यांनी पेशी फोडली कशी, असं ताईनं विचारलं. फोडलीच नाही, बाई म्हणाल्या. कातडीत राखण करणाऱ्या पेशी असतात. जंतू ओळखून धरायला त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. हे परजीवी नेमके त्यांनाच चिकटतात. पेशी त्यांना गिळते, पण ते पचत नाहीत. आतच वाढत राहतात.

"म्हणजे माझ्याच पेशींनी यांना आत घेतलं?"

"हो. मारायला म्हणूनच घेतलं होतं."

स्पर्शानं हे पसरत नाही असं बाईंनी बजावलं होतं, तरी ताईनं दुकान उघडलं नाही. तोंड धुतानाही गालाला हात लावायला ती धजेना. तिथं आपलं राज्य उरलेलं नाही, असंच तिला वाटे.

व्रणातच इंजेक्शनं दिली गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं आणि जाऊ बाजूला बसून डॉक्टरीणबाईंनाच दटावायची. हळूहळू व्रण सुकला. शर्टाच्या बटणाएवढा खड्डा तेवढा राहिला.

ताईनं दुकान उघडलं. पावडरीनं तो खड्डा बुजवायच्या भानगडीत ती पडली नाही. पहिल्याच गिऱ्हाइकानं चाचरत विचारलं, तेव्हा ताईनं हातातला दोरा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गिळण्याची गोष्ट आली, तशी तिच्या अंगावर पुन्हा काटा आला. समोरची बाई एकच भुवई कोरलेली घेऊन तशीच आ वासून बसली होती.