पन्नास हेलकावे मोजणारं घड्याळ

माझी लेक पुण्यात संगणकाच्या पोटातलं काम करते. परवा सुट्टीला आली तेव्हा जेवता जेवता सांगत होती, की यंत्राला वेळ म्हणून काही कळतच नाही. आत सारखा ठोका पडत असतो. दर ठोक्याला कर्नल नावाचा आतला कारभारी हातातलं काम थांबवून एक आकडा वाढवतो, आणि त्या आकड्यावरून यंत्र वेळ सांगतं.

"आणि ठोके कमी पडले तर?" मी विचारलं.

"तर घड्याळ मागं पडतं, आई. यंत्राला पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघतो. जरासा फरक दिसला की सगळे धावतात."

जराशा फरकाला सगळे धावतात! घास माझ्या हातातच राहिला. अगं बये, हे तू मला शिकवतेस? तू चार महिन्यांची होतीस तेव्हाच शिकले मी हे.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही होटगीत राहायचो. नवरा रेल्वेत खलाशी, मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला. आम्ही बायका थोड्या, म्हणून पाळणाघर नाही. तान्ही लेक सासूबाईंजवळ. पाचला सुट्टी, झपाझप चाललं की पंचवीस मिनिटांत स्टेशन, साडेपाचची पॅसेंजर, आणि सहा वाजता पोरगी पदराखाली. एवढं जमतंय म्हणूनच मी कामावर परत गेले होते.

उन्हाळा लागला आणि माझी गाडी चुकायला लागली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, आठवड्यातून चार-चारदा! स्टेशनात शिरावं तर गाडीचा शेवटचा डबा दिसायचा. पुढची गाडी पावणेदोन तासांनी. बाकावर बसून राहायचं. पाच वाजून गेले की छाती भरून यायची, ठणकायची. चोळी भिजायची, आणि मी चारचौघांत पदराची घडी वर दाबून बसायची. तिकडं पोर रडून रडून लाल. घरी पाऊल टाकलं की सासूबाई सुरू : "बाजारात फिरत असंल. पोरीचं काय पडलंय हिला!" नवरा म्हणायचा, "गाडी टायमावर हुती की. तूच उशिरा." मीही स्वतःलाच बोल लावत होते, याचा मला आज जास्त संताप येतो. वहाणा हातात घेऊन तापल्या डांबरावरून पळाले मी. पळाले!

आता घड्याळाचं सांगते. मॅनेजरच्या खोलीबाहेर भिंतीवर विजेचं गोल घड्याळ होतं. चावी नको, काही नको. मॅनेजरला त्याचा कोण अभिमान! रोज सकाळी तो ते रेडिओवर मिळवायचा. रोज ते मागं पडलेलं असायचं, आणि रोज तो म्हणायचा, "रात्री वीज गेली असेल." सकाळी फाटकावर दोन मिनिटं उशीर झाला तर आम्हाला बाहेर उभं करायचा, कारण नुकतंच मिळवलेलं घड्याळ तेव्हा अगदी बरोबर असायचं. संध्याकाळी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ पुढं दिसलं, तर शहाणा मनगटावरचंच मागं घ्यायचा! गिरण्यांचे भोंगे होते म्हणाल, तर दिवसा यंत्रांच्या खडखडाटात कुठले भोंगे ऐकू येतात, कपाळ!

कोडं उलगडलं कारखान्याच्या वायरमननं. साखरपेठेतला माणूस, घरी तेलुगू बोलणारा, मला अक्का म्हणायचा. एकदा मला पळताना बघून त्यानं थांबवलं.

"अक्का, ते घड्याळ वेळ मोजत नाही. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, ते मोजतं. पन्नास झाले की एक सेकंद पुढं. उन्हाळ्यात सगळीकडं पाण्याच्या मोटारी चालू, वीजघर दमतं. पन्नासच्या जागी अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास येतात. घड्याळ बिचारं पन्नास पुरे होईपर्यंत थांबतं."

"आणि दिवसभरात किती मागं जातं?"

"कधी दहा मिनिटं, कधी बारा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा-बारा मिनिटं! म्हणजे माझे पाय हळू नव्हते. मी बाजारात फिरत नव्हते. माझं पोर भिंतीवरच्या त्या डबड्यापायी उपाशी होतं!

दुसऱ्या दिवशी मी घरचं चावीचं, गजराचं घड्याळ डब्याच्या पिशवीतून नेलं. सकाळी रेडिओ लागला तसं मॅनेजरच्या डोळ्यांदेखत मिळवलं. संध्याकाळी ते पाचाला खणखणलं, तेव्हा भिंतीवर पाचाला अकरा कमी.

"तुझं डबडं पुढं पळतं," मॅनेजर म्हणाला.

"मग उद्या सकाळी रेडिओवरच बघा की!"

घड्याळ त्याच्याच टेबलावर ठेवून गेले. सकाळी रेडिओ लागला. माझं घड्याळ बरोबर, भिंतीवरचं मागं. "रात्री वीज..." त्यानं तोंड उघडलं, तोच वॉचमन म्हणाला, "न्हाय साहेब, रातभर दिवा जळत व्हता." मॅनेजर गोरामोरा झाला. मी म्हटलं, माझ्या घड्याळावर मला सोडा, घरी तान्हं पोर आहे. तर म्हणतो, "एकीला सोडलं तर सगळ्या मागतील."

"सगळ्यांचीच मिनिटं जातायत की, साहेब!"

"बघू," म्हणाला. त्या 'बघू'त महिना गेला, दुसरा लागला. नोकरी सोडायची सोय नव्हती, नाहीतर ते घड्याळ त्याच्या पुढ्यात आपटून आले असते.

मग एका संध्याकाळी साहेबांची स्वतःची गाडी चुकली. साडूच्या घरी लग्न होतं, भिंतीवर बघून निघाले होते. दोन दिवसांत तिथं चावीचं नवं घड्याळ लागलं. दोन दिवसांत! माझं पोर दीड महिना भुकेलं, तेव्हा त्याला दुसऱ्यांदा मान वर करून बघावंसं वाटलं नाही.

नव्या घड्याळाच्या पहिल्याच दिवशी मला साडेपाचची मिळाली. सहाला घरात शिरले, हातपाय धुतले, पोरीला पदराखाली घेतलं. तिनं ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि तोंड फिरवून सासूबाईंच्या हातातल्या बाटलीकडं झेपावली. माझं दूध आटलं होतं. सासूबाईंनी बाटली माझ्या हातात दिली.

लेकीनं सगळं ऐकलं. तिचं ताट कोरडं झालं होतं.

"आमच्याकडं चुकलेले ठोके मागाहून भरून घेतात, आई," ती हळूच म्हणाली.

"तुमच्याकडं घेत असतील," मी म्हटलं. "तुला शेळीचं पाजलं."