भिंत वाळल्याची खूण

शेजारी सिमेंटचे घर बांधणे सुरू आहे. सकाळी गवंडी नव्या भिंतीवर पाईपने पाणी मारतो आणि ओलीचा वास माझ्या ओसरीपर्यंत येतो. पाणी मारल्याने भिंत पक्की होते, हे मला अजून खरे वाटत नाही. आमच्या वेळी पाणी हा भिंतीचा वैरी होता.

मुर्रीकडचा धानाचा तुकडा विकून आम्ही गोंदियात मातीच्या दोन जोडखोल्या घेतल्या, तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षे झाली असतील. नवरा दिवसभर राईस मिलमध्ये, म्हणून भाडेकरूंचे सारे माझ्या गळ्यात. लोकांना वाटते, घरमालकीण म्हणजे बसून खाणारी. छपराचे कवेलू फुटले, विहिरीचा दोर तुटला, उंदरांनी बीळ केले, की सगळे माझ्या दारात. एका खोलीत रेल्वे इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे कुटुंब होते. त्याची हिंदी बोलणारी म्हातारी आई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची हजेरी घ्यायची. दुसरीत विडी वळणारी एक विधवा आणि तिच्या दोन पोरी.

विडीवाल्यांना सहज कोणी खोली देत नसे. कारण तेंदूचे पान. कोरडे पान वळताना फाटते, म्हणून ते भिजवून ओल्या गोणपाटात ठेवावे लागते. हिने तो गठ्ठा वर्षभर मधल्या भिंतीला टेकवून ठेवला. उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस छपरावर चढला आणि तसाच खाली उतरला. मधली भिंत बुडाशी फुगली होती, आणि दोन्ही खोल्यांचे आढे तिच्यावरच टेकलेले.

"खोली खाली कर," मी तिला सांगितले.

तिचे हात थांबले नाहीत. "दोन पोरी घेऊन कुठी जाऊ, मालकीणबाई? भिंत मी नासवली, मीच बांधून देईन."

"तुझ्या बापाने बांधली होती का कधी भिंत?"

"बापानं नाही. मायनं."

मिरगाच्या आत भिंत उभी राहिली तर राहा, नाहीतर बिऱ्हाड उचल, एवढे बजावून मी परत आले.

आढ्याला दोन लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला आणि जुनी भिंत पाडली. गाडीभर पांढरी माती आणली. तिने आणि पोरींनी ती धानाचे तणस घालून पायांनी तुडवली, चार दिवस मुरवली. मग थर चढू लागले. एका वेळी हातभर उंच, तो वाळला की त्यावर दुसरा. तोवर दोन्ही बिऱ्हाडे मध्ये लुगडे बांधून राहिली. म्हातारीला तर घरबसल्या करमणूक मिळाली.

धीर मला नव्हता. आभाळात एक ढग दिसला आणि मी तिला दटावून एकाच दिवशी दोन थर चढवायला लावले. "खालचं अजून ओलं आहे," ती म्हणाली. मी हात लावून पाहिला, कोरडे लागले. तिसऱ्या प्रहरी दोन्ही थर पोट फुटल्यासारखे खाली बसले.

"दो हाथ की दीवार, चार हाथ की मालकिन!" म्हातारी ओरडली.

विडीवाली हसलीही नाही. "मातीले घाई कायले करता, बाई?" एवढेच.

त्यानंतर मी नुसती बघत बसू लागले. सकाळी ती भिंतीला आधी बोटांची टोके लावी, मग डोळे मिटून गाल. "आज नाही," म्हणे, किंवा "आता चालते." कितीतरी दिवसांनी माझ्या ध्यानात आले की पानेही ती अशीच चाचपते. पान जास्त ओले राहिले तर बुरसते, सुकले तर फाटते. या दोहोंच्या मधली ओल तिच्या बोटांना कळत होती. जिच्या पानांच्या ओलीने माझी भिंत गेली, तिच्याच जाणकारीने ती पुन्हा उभी होत होती. माझ्या अंगावर काटा आला. देवळात मला असे कधी झाले नाही.

मिरगाला दोन दिवस उरले असताना टेकू काढायचे ठरले. नवऱ्याने म्हातारीला अंगणात यायला सांगितले.

"मैं नहीं उठती. दीवार पे भरोसा है, मालकिन पे नहीं."

शेवटी फायरमनने आईला बाजेसकट बाहेर आणले. विडीवालीने पोरींना बाहेर पाठवले आणि स्वतः आढ्याखाली उभी राहिली. बल्ली सुटली. आढे करकरत खाली आले, थोडी माती झडली, आणि ते थांबले. तिने भिंतीवर तळहात ठेवला.

"धरलं," ती म्हणाली.

पुढे आठ वर्षे ती त्याच खोलीत राहिली. एकदा मी म्हटले, ते ओलीचे मला शिकव. ती हसली. "तुम्ही भाडं घेणाऱ्या. आधी वीस वर्षं पान वळा." मी रागावून उठून आले. मग ती लेकीकडे राहायला गेली. विटांचे घर बांधायला ती भिंत पाडली, तेव्हा दोन मजुरांचा आख्खा दिवस गेला.

घर माझ्या नावावर होते, खरेदीखत, पावत्या, सगळे. पण ते कशाने उभे होते, हे जिला कळत होते तिच्याजवळ मी पुन्हा जाऊन बसले नाही. विचारायचे तिथे मी तोरा दाखवला. आता ते ओलीचे कळणे कुणाच्याच हातात नाही.