दोरी ओढणारे

बंद पडलेल्या मशीनभोवती जमलेल्या पुरुषांइतकी बिनकामाची जमात मी दुसरी पाहिली नाही. तीस वर्षं शाळेत नोकरी केली, तिथंसुद्धा नाही.

आमचा संडास परसाच्या पार टोकाला आहे. पाऊस सरता सरता तिथवर गुडघाभर गवत माजतं. गेल्या वर्षी त्यातून घोणस निघाली होती. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे धड दिसत नाही, आणि पहाटे काठी आपटत त्या याच गवतातून जातात. त्या साप निघाल्यावरच आमच्या ह्यांनी हौसेनं गवत कापायचं पेट्रोलचं मशीन आणलं होतं.

यंदा घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी ते बाहेर निघालं. ह्यांनी टाकीत ताजं पेट्रोल ओतलं आणि दोरी ओढली. मशीन फुरफुरलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. घामाघूम होईपर्यंत ओढून झाल्यावर म्हणाले, "प्लग गेला असंल."

मग गल्ली गोळा झाली. शेजारच्यांनी प्लग काढला, फुंकला, लुंगीला पुसला आणि होता तसा बसवला. समोरच्यांनी "ऑइल लई झालं" म्हणून मान हलवली. एकाने मशीन आडवं करायला सांगितलं, दुसऱ्याने उभं. उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या गल्लीत कधीच माणसं कमी पडत नाहीत. जाताना प्रत्येकानं एकेकदा दोरी ओढली, देवळातून निघताना घंटा वाजवावी तशी. त्यांना मी तीनदा चहा केला, याचा मला अजून राग येतो.

"हातानं कापून टाकू का?" असं मी एकदाच विचारलं.

"मशीन असताना हातानं? लोक हसतील की," हे म्हणाले.

लोक हसतच होते. मला काय, विळा दारामागं होता. वाटेपुरतं गवत मी तासाभरात कापलं असतं. पण कापलं नाही. ह्यांची फजिती मला पुरती बघायची होती. पहाटे परसातून काठीचा आवाज यायचा, मी पांघरुणात पडून ऐकायची आणि मनात ह्यांनाच शिव्या द्यायची.

खंडेनवमीला ह्यांनी त्या ठोंब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. वर्षभर राबलेल्या अवजारांची पूजा करतात, इथं न राबलेल्याची झाली. मी तसं बोलून दाखवलं.

दसरा झाल्यावर मशीन स्कूटरवर आडवं बांधून आम्ही येडशीच्या मिस्त्रीकडं गेलो. मी मुद्दाम सोबत गेले. मिस्त्री ह्यांना काय काय बोलतो, ते मला कानांनी ऐकायचं होतं.

त्यानं दोरीला हातही लावला नाही. टाकीतलं पेट्रोल एका बाटलीत ओतलं आणि उजेडात धरलं. वर पेट्रोल, खाली चार बोटं पाणी. मग हवा गाळायच्या डबीतला स्पंज काढून त्यानं पिळला, नाकाशी नेला. धुण्याच्या पावडरीचा वास येत होता.

"ह्याला आंघोळ कुणी घातली?" त्यानं विचारलं.

घट बसायच्या आधी आम्ही बायका घरातलं सगळं धुऊन काढतो, गोधड्यांपासून डब्यांच्या झाकणांपर्यंत. त्या झपाट्यात मी हे मशीनही नळाखाली धरलं होतं. टाकीचं झाकण उघडून, आतला स्पंज पावडरीत चोळून. आणि धुतलेलं मशीन उन्हात नेऊन ठेवलं होतं ह्यांनीच.

"म्याच धुतलं," हे म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मिस्त्री त्यांना येडपट म्हणाला. ऐकायला आले होते ते ऐकलं. मी तोंड उघडलं नाही.

मशीन चालू करून घेऊन आम्ही घरी पोचलो. परसात सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. डाव्या हातानं गवत चाचपायच्या, मूठ धरायच्या आणि उजव्या हातानं कापायच्या. ओट्यापासून संडासापर्यंत हातभर रुंदीची वाट झाली होती, शेवटची दोन पावलं तेवढी राहिली होती.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "आई, अहो, साप असतो तिथं! मला सांगायचं न्हाय का?"

"तुला काय सांगायचं?" माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून त्या म्हणाल्या. "विळा दारामागंच व्हता की गं."