न हलणारा आकडा

नवा सेन्सर बसवून झाला, पडद्यावर आकडा उमटला, की ताई आधी त्याची बॅटरी काढून घ्यायच्या. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसायच्या. "हा मेला तर कुणाला कळतंय का, बघू दे."

हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडे जाताना सोयाबीनच्या तेलाचा एक कारखाना लागतो. तिथली सगळी मोजमापाची यंत्रं ताई सांभाळायच्या. सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या, पन्नाशीला टेकलेल्या. मी डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो आणि कारखानाभर बिनतारी सेन्सरांचं जाळं कसं पसरायचं, हे त्यांच्या हाताखाली शिकत होतो.

सोयाबीनमधून तेल काढायला पेट्रोलसारखं एक द्रावक वापरतात. त्याची वाफ साचली आणि ठिणगी पडली, की संपलं. मी पहिले सेन्सर डोळ्यांच्या उंचीवर, एका ओळीत, देखणे बसवले. ताई उकिडव्या बसल्या आणि जमिनीपासून वीतभर वर खडूनं खूण केली. "ही वाफ आपल्यावानी उभी न्हाई राहत. लोळती. खड्डा दिसला की तिथं जाऊन बसती."

"मला भेव वाटून राहिलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चहा घ्यायचा का, विचारावं तशा सुरात म्हणायच्या. एकदा वाफ बाहेर टाकणारा पंखा कुरकुरला म्हणून त्या जेवणावरून उठून गेल्या आणि आम्ही त्यांच्या डब्यातला ठेचा संपवला. तुम्हीही अशा एखाद्या घाबरट माणसाला कधी हसला असाल.

दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता. पंपाजवळच्या खड्ड्यातल्या पाइपाला वेल्डिंग करायचं होतं. पडद्यावर खड्ड्याचा आकडा शून्य होता. तो बघून मी वेल्डिंगच्या परवान्यावर सही केली.

ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "बाकीचे आकडे थोडे तरी हलून राहिले. हा काहून हलत न्हाई?"

"शून्य आहे ताई. चांगलंच आहे की."

"कवापासून शून्य हाय?"

तेव्हा मला आठवलं. सिग्नल सारखा तुटायचा, पडद्यावर लाल पट्टी यायची आणि मॅनेजर ओरडायचे. म्हणून महिन्यापूर्वी मीच सोय केली होती, की सिग्नल गेला तरी शेवटचा आकडा तसाच दिसावा. ताईंना सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

त्यांनी वाफ मोजायचा हातातला मीटर उचलला. तो घेऊन निघाल्या. मी मागे. वेल्डर शिडीवरून अर्धा खाली उतरला होता, खांद्यावर केबल, हातात लोखंडी पाना.

"वर ये," ताई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "हळू ये. हातातलं काही पाडू नको."

"काय झालं, ताई?"

"वर आल्यावर सांगते."

चार पायऱ्या चढायला त्याला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मी त्याच्या हातातल्या लोखंडाकडं बघत होतो. तो बाजूला झाल्यावर ताईंनी मीटर दोरीनं खाली सोडला. तो खड्ड्यात अर्ध्यावर पोचला आणि किंचाळायला लागला. खालच्या सेन्सरची बॅटरी चार दिवसांपूर्वीच संपली होती.

"त्याला तू सांग," ताई मला म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. वेल्डर ऐकत राहिला. मग म्हणाला, "साहेब, माझी लेक लहान हाय." एवढंच. पाणी प्यायला गेला. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मीटर त्यांच्या मांडीवर अजून किंचाळत होता, त्यांनी तो बंद केला नव्हता. मी तो बंद केला.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी नोकरी सोडली. "रोज एवढं भेव पोटात घेऊन यायचं. आता न्हाई होत."

आजही परवान्यावर सही मी करतो. सही करताना ताईंचं ते भेव आता मला वाटतं. एखाद्या दिवशी ते वाटलं नाही तर, याची भीती वेगळी.

निरोपाच्या दिवशी मी त्यांना सेनगावच्या जीपपर्यंत सोडायला गेलो. जीप भरायची होती, माणसं चढत होती, टपावर पोती चढत होती. ताई आत बसल्या होत्या. पिशवी द्यायला मी वाकलो, तर शेजारच्या अनोळखी बाईच्या खांद्यावर मान टाकून ताई गाढ झोपल्या होत्या.